वॅट बघून रिसीव्हर घेऊ नका: स्पीकर आणि रिसीव्हरची जोडी कशी जुळवायची

हे या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना मध्ये मध्ये येणारे "म्हणजे" आणि "बेसिकली" काढलेत, आकडे नीट मांडलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय होम थिएटर. त्यातही एकच प्रश्न, कारण इनबॉक्समध्ये तोच फिरून फिरून येतो. "रिसीव्हर ८० वॅटचा आहे, स्पीकर १५० वॅटचे. चालेल का?" आणि याचाच जुळा भाऊ: "रिसीव्हर १०० वॅटचा, स्पीकर ६० चे. उडतील का?"

दोन्हींचं उत्तर एकच. नुसत्या या दोन आकड्यांवरून काहीही ठरवता येत नाही. गंमत म्हणजे दुकानात, ऑनलाइन लिस्टिंगवर, खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच दोन आकडे असतात. ज्यांनी खरं ठरतं ते आकडे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात असतात. आज आपण ते शेवटचं पान वाचणार आहोत.

हे वाचायला का हवं? कारण आपल्यातले बहुतेक जण ही खरेदी बोनसमधून नाहीतर ईएमआयवर करतात. सिस्टीम साधी म्हटली तरी साठ-सत्तर हजार सहज जातात, जरा हौस केली की लाख पार. डेमो रूममध्ये सगळंच भारी वाजतं. घरी आणल्यावर मात्र कुणाचे डायलॉग ऐकू येत नाहीत, कुणाचा रिसीव्हर पिक्चरच्या क्लायमॅक्सला नेमका बंद पडतो, कुणाचा ट्वीटर दोन महिन्यांत मुका होतो. या तिन्ही तक्रारी बऱ्याचदा चुकीच्या जोडीमुळे येतात. आणि वापरलेला माल विकायला काढला की किंमत किती मिळते, ते तुम्हाला माहीतच आहे.

स्पीकरवरचा वॅट म्हणजे भूक नाही

आधी स्पीकर घेऊ. खोक्यावर लिहिलंय १५० वॅट. याचा अर्थ "मला १५० वॅट द्या, तरच मी वाजेन" असा नाही. याचा अर्थ साधारण असा की एवढी पॉवर ठरावीक पद्धतीने दिली तरी आतली कॉइल तापून जळणार नाही. लिफ्टमध्ये "कमाल ८ व्यक्ती" लिहिलेलं असतं ना, तसं. एकटा माणूस चढला तरी लिफ्ट चालते.

स्पीकर स्वतः पॉवर तयार करत नाही. तुम्ही व्हॉल्यूम जेवढा ठेवाल, तेवढीच पॉवर रिसीव्हर त्याला देतो. रात्री जेवताना बातम्या ऐकत असाल तर तुमच्या १५० वॅटच्या स्पीकरला एक वॅटसुद्धा जात नसतो. म्हणून "८० चा रिसीव्हर, १५० चे स्पीकर" यात स्वतःहून काहीच बिघडत नाही. आणि "१०० चा रिसीव्हर, ६० चे स्पीकर" हेही चालतं, फक्त व्हॉल्यूमवर हात जरा ताब्यात ठेवायचा.

रिसीव्हरवरचा वॅट: अटी लागू

आता रिसीव्हर. इथे खरी मजा आहे. कारण रिसीव्हरचा वॅट हा अटींसकट येणारा आकडा आहे, आणि जाहिरातीत अटी गाळल्या जातात.

समजा एकाच रिसीव्हरबद्दल दोन वाक्यं लिहिलीत. पहिलं: १५० वॅट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल चालू. दुसरं: ८० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन, दोन चॅनल चालू. दोन्ही खरी असू शकतात. पण पहिल्यात एकच स्पीकर जोडलाय, एकच सोपा सूर वाजवलाय आणि आवाज फाटेपर्यंत ताणलाय. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे कानाला सरळ सरळ खराब लागणारा आवाज. तुमच्या कामाचं वाक्य दुसरं.

हा खेळ जुना आहे. घरात नव्वदच्या दशकातला टू-इन-वन किंवा म्युझिक सिस्टीम पडून असेल तर त्यावरचं स्टिकर बघा. शेकड्यांत, कधी हजारांत वॅट आणि पुढे "पीएमपीओ" ही चार अक्षरं. त्या आकड्याला ठोस अर्थ जवळपास नव्हताच, कारण तो कसा मोजायचा याचं एकच मानक नव्हतं. अमेरिकेत अशा आकड्यांचा इतका सुळसुळाट झाला होता की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅम्प्लिफायरचा वॅट जाहिरातीत कसा सांगायचा याचा नियमच केला. म्हणून वरच्या दुसऱ्या वाक्यासारखी लांबलचक ओळ दिसली की कंटाळू नका. ती लिहिणारा निदान नियमाने बोलतोय.

आणखी एक अट: "दोन चॅनल चालू". तुमच्याकडे पाच किंवा सात स्पीकर आहेत. मग सातही एकदम वाजले तर प्रत्येकाला ८० मिळतील का?

नाही. इथे सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. सकाळी साडेपाचला दोनच घरांत नळ चालू असतात, धो धो पाणी येतं. आठ वाजता सगळ्या घरांत अंघोळी सुरू झाल्या की धार बारीक होते. टाकी एकच आहे. रिसीव्हरमध्येही पॉवर सप्लाय एकच असतो आणि सगळे चॅनल त्यातूनच पितात. मागच्या बाजूला वीज किती लागते ते छापलेलं असतं. समजा तिथे ५०० वॅट आहे आणि पुढे दावा आहे सात चॅनल गुणिले ९५. गुणाकार करा: ६६५. मागचा आकडा मोजायची पद्धत वेगळी असते, त्यामुळे त्याला कडक मर्यादा समजू नका. पण भिंतीतून येणाऱ्यापेक्षा जास्त सतत बाहेर देणं कुठल्याच यंत्राला जमत नाही, एवढं लक्षात राहिलं तरी बास.

दिलासा असा की पिक्चरमध्ये सातही स्पीकर एकाच वेळी पूर्ण जोरात वाजतायत असं क्वचितच होतं. म्हणून दोन चॅनलचा आकडा तुलनेसाठी चालतो. फक्त दोन रिसीव्हरांची तुलना करताना दोन्हीकडचे आकडे त्याच अटींवरचे घ्या.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नाही

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. फक्त ३. कानाला तो "थोडा मोठा झाला" एवढाच वाटतो. आवाज साधारण दुप्पट झाला असं वाटायला १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबलसाठी पॉवर दहापट लागते.

म्हणजे ८० वॅटचा रिसीव्हर सोडून तुम्ही १०० वॅटचा घेतलात, तर फरक पडला जेमतेम १ डेसिबल. एक डेसिबल म्हणजे शांत खोलीत लक्ष देऊन ऐकलं तर कळेल न कळेल असा फरक. वरच्या मॉडेलमध्ये जास्त चॅनल असतील, चांगलं रूम करेक्शन असेल, जास्त एचडीएमआय असतील, त्यासाठी पैसे द्या, हरकत नाही. पण त्या २० वॅटसाठी पंधरा-वीस हजार जास्त देत असाल तर जरा थांबा.

पहिला खरा आकडा: सेन्सिटिव्हिटी

मग आवाज वाढवायचा कसा? स्पीकर बदलून. स्पीकरच्या माहितीत "सेन्सिटिव्हिटी" असा एक आकडा असतो, म्हणा ८७ डीबी. अर्थ असा की स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवर उभं राहून मोजलं, तर ८७ डेसिबल आवाज येतो. काही स्पीकर ८३ चे असतात, काही ९३ चे. दिसायला फरक दहाचा. पण दहा डेसिबल म्हणजे दहापट पॉवर! ८३ च्या स्पीकरला १०० वॅट देऊन जेवढा आवाज येईल, तेवढा ९३ चा स्पीकर १० वॅटमध्ये देतो.

हे आपल्या हॉलमध्ये बसवून बघू. टू बीएचकेचा नेहमीचा हॉल, टीव्हीपासून सोफा ३ मीटर म्हणजे साधारण दहा फूट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. ३ मीटरवर तो साडेनऊने पडेल. खोलीच्या भिंती त्यातला थोडा परत देतात, पण आपण हिशोब कडकच ठेवू.

आता किती मोठा आवाज हवा? सिनेमाचं मिक्सिंग ज्या ठरलेल्या लेव्हलवर होतं तिला रेफरन्स लेव्हल म्हणतात. तिथे प्रत्येक मुख्य चॅनलचे सगळ्यात मोठे क्षण १०५ डेसिबलपर्यंत जातात. ऑटो सेटअप नीट केलेल्या रिसीव्हरवर व्हॉल्यूम "०" म्हणजे ही लेव्हल. फ्लॅटमध्ये शून्यावर ऐकलंत तर पिक्चर संपायच्या आत सेक्रेटरी दारात. उणे १५ वरसुद्धा घरात भरपूर मोठा आवाज असतो. म्हणजे मोठे क्षण ९० डेसिबलचे.

३ मीटरवर त्या ९० डेसिबलला किती वॅट लागतील?

सेन्सिटिव्हिटी ८३: सुमारे ४५ वॅट
सेन्सिटिव्हिटी ८७: सुमारे १८ वॅट
सेन्सिटिव्हिटी ९३: सुमारे साडेचार वॅट

आता हौसेने व्हॉल्यूम उणे ५ वर नेला, म्हणजे १० डेसिबलने वाढवला, तर प्रत्येक आकडा दहापट करा: ४५०, १८० आणि ४५ वॅट. तुमच्याकडे ८० वॅटचा रिसीव्हर आहे. ९३ वाले स्पीकर आरामात वाजतील. ८७ वाले मोठ्या दृश्यांत रिसीव्हरचा दम काढतील. ८३ वाल्यांची तर गोष्टच सोडा. रिसीव्हर तोच, वॅट तेच, खोली तीच. जोडी बदलली की निकाल बदलला.

अर्थात, उणे १५ च्या वर तुम्ही कधी जातच नसाल तर ८७ चे स्पीकर आणि साधा ८० वॅटचा रिसीव्हर ही अगदी सुखी जोडी आहे. १८ वॅट लागतात, ८० आहेत. मग १२० वॅटच्या मागे का धावायचं?

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, बऱ्याच कंपन्या सेन्सिटिव्हिटी "एक वॅट" ऐवजी "२.८३ व्होल्ट" वर देतात. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट! म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचा ९० हा वॅटच्या हिशोबात ८७ च असतो. दोन, कंपनीचा आकडा कधी कधी आशावादी असतो. कुणी स्वतंत्रपणे मोजलेला आकडा मिळाला तर तो धरा.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच ९३ चे का बनवत नाहीत? कारण फिजिक्स आडवं येतं. केएलएच ही अमेरिकन स्पीकर कंपनी तिच्या तीन संस्थापकांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. त्यातला एच म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्याच्या नावाने एक "आयर्न लॉ" सांगतात: लहान खोकं, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच मिळतील. शेल्फवर मावणारा छोटा स्पीकर खोल बास देत असेल, तर तो वॅट पिणारच. ९३ चा स्पीकर बहुधा एकतर आकाराने मोठा असेल नाहीतर त्याचा बास लवकर संपत असेल. हा नियम लक्षात ठेवा, सबवूफरपाशी तो परत कामाला येणार आहे.

दुसरा खरा आकडा: ओहम

सेन्सिटिव्हिटी चुकली तर फार तर आवाज कमी पडतो. ओहम चुकले तर रिसीव्हर तापतो, बंद पडतो, कधी जातोही. म्हणून इथे नीट लक्ष द्या.

ओहम म्हणजे इम्पिडन्स, स्पीकर करंटला किती अडवतो ते. आकडा जितका लहान, तितका नळ मोठा उघडलेला. रिसीव्हर व्होल्टेज ठरवतो आणि स्पीकर त्यातून करंट ओढतो. हिशोब बघा. ८ ओहमला ८० वॅट द्यायला साधारण २५ व्होल्ट लागतात आणि ३ अँपिअरच्या थोडा वर करंट जातो. तोच व्हॉल्यूम, तेच २५ व्होल्ट, पण स्पीकर ४ ओहमचा, तर करंट दुप्पट: ६ अँपिअरच्या वर. रिसीव्हरकडे तो नसेल तर एकतर आवाज फाटतो, नाहीतर स्वतःला वाचवायला तो बंद होतो. समोर "प्रोटेक्ट" असं चमकलं की समजायचं, काहीतरी झेपत नाहीये.

म्हणून मॅन्युअलमध्ये "स्पीकर इम्पिडन्स ६ ते १६ ओहम" किंवा "४ ते १६ ओहम" अशी ओळ शोधा. तुमचा स्पीकर त्या हद्दीत हवा. स्पीकर जास्त ओहमचा असला तर रिसीव्हरला त्रास नाही, फक्त पॉवर थोडी कमी मिळते. त्रास कमी ओहमचा असतो.

आता थोडं खोलात. स्पीकरवर ८ ओहम लिहिलं असलं तरी तो प्रत्येक सुराला ८ नसतो. कुठे ३० ओहमवर जातो, कुठे पाचवर उतरतो. लिहिलेला आकडा फक्त "नॉमिनल". आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की सगळ्यात खालचा आकडा नॉमिनलच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली नको. पण सगळे ते पाळत नाहीत. त्यामुळे "मिनिमम इम्पिडन्स" असा वेगळा आकडा दिला असेल तर आधी तो बघा.

ओहमच्या बाबतीत घरोघरी तीन घोटाळे होतात.

पहिला, एका जोडणीवर दोन स्पीकर. "बाल्कनीत पण एक जोडू या, त्याच टर्मिनलला." दोन ८ ओहमचे स्पीकर असे समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात. दोन सहाचे जोडले तर ३. साधा रिसीव्हर इथे हात टेकतो.

दुसरा, जुन्या डबाबंद सिस्टीमचे स्पीकर. डीव्हीडी प्लेअरसकट एकाच खोक्यात मिळायच्या त्या सिस्टीम. प्लेअर मेला, स्पीकर चांगले आहेत, म्हणून ते नव्या रिसीव्हरला लावायचा मोह होतो. मागचं स्टिकर वाचा. त्यातले बरेच ३ किंवा ४ ओहमचे असतात, कारण ते त्यांच्याच छोट्या अॅम्प्लिफायरसाठी बनवलेले असतात. स्टिकरवर ३ दिसलं तर मोह आवरा.

तिसरा, सेटिंगमधला ओहम बदलायचा पर्याय. काही रिसीव्हरांत ८ चं ४ किंवा ६ करायची सोय असते. नाव ऐकून वाटतं, हे केलं की रिसीव्हर ४ ओहमला तयार झाला. प्रत्यक्षात तो अॅम्प्लिफायरची पॉवर आवळतो, म्हणजे उष्णता कमी होते. ताकद वाढत नाही.

आणि समजा तुम्हाला ४ ओहमचे, कमी सेन्सिटिव्हिटीचेच स्पीकर आवडलेत, आवाजच तसा गोड आहे, तर? घ्या की. फक्त रिसीव्हर "प्री-आउट" असलेला घ्या. मग पुढच्या दोन स्पीकरसाठी उद्या वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर जोडता येतो आणि रिसीव्हरचं ओझं उतरतं.

कमी वॅटचा रिसीव्हरही स्पीकर जाळू शकतो

हे ऐकून बरेच जण चकित होतात. ६० वॅटचा रिसीव्हर १०० वॅटचा स्पीकर कसा जाळेल?

क्लिपिंगमुळे. रिसीव्हरची एक कमाल व्होल्टेज असते. तुम्ही त्याच्या पलीकडचं मागितलंत की लाटेचे गोल शेंडे कापले जाऊन सपाट होतात, दाढीचा ट्रिमर फिरवल्यासारखे. अशा सपाट लाटेत सरासरी पॉवर वाढते. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत ती तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट असते. शिवाय कापलेल्या कडांमुळे वरच्या पट्टीचे जास्तीचे सूर तयार होतात आणि ते जातात ट्वीटरकडे. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची. ती तापते आणि तुटते.

त्यामुळे खबरदारी कानाने घ्यायची. आवाज कर्कश, चरचरीत, टोचरा झाला की व्हॉल्यूम खाली. पार्टीत कुणी "अजून वाढव" म्हटलं तरी. रिसीव्हर सांगतोय की माझ्याकडे एवढंच होतं.

सबवूफर: रिसीव्हरचा हमाल

पॉवर सगळ्यात जास्त कुठे खर्च होते? बासमध्ये. म्हणून तिथलं ओझं उचलायला वेगळा माणूस ठेवला की सगळी सिस्टीम सुटसुटीत होते. हा माणूस म्हणजे अॅक्टिव्ह सबवूफर. त्याच्या पोटात स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. रिसीव्हर त्याला फक्त सिग्नल देतो, पॉवर तो भिंतीतून घेतो.

इथे हॉफमनचा नियम आठवा. बासची जबाबदारी सबवर गेली की बाकीचे स्पीकर लहान असूनही चालतात, कारण त्यांच्याकडून आपण खोल बास मागतच नाही. पण हे आपोआप होईल असं धरू नका. रिसीव्हरच्या मेन्यूत जाऊन स्पीकर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. "माझे टॉवर एवढे मोठे, त्यांना स्मॉल का म्हणू?" असं वाटेल. तो शब्द उंचीबद्दल नाही. ८० हर्ट्झच्या खालचं सबकडे पाठव, एवढाच त्याचा अर्थ. ही सेटिंग फुकट आहे आणि पुष्कळदा नव्या रिसीव्हरपेक्षा जास्त फरक पाडते.

पुढचे तीन एकाच घराण्यातले

आतापर्यंत रिसीव्हर आणि स्पीकर जुळवले. आता स्पीकर एकमेकांशी. डावा, उजवा आणि मधला सेंटर, हे तिघं एकाच कंपनीच्या एकाच सीरिजचे घ्या. पडद्यावर बाइक डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज या तिघांतून सरकत जातो. सेंटर वेगळ्या जातीचा असेल तर मध्येच बाइकचा मेक बदलल्यासारखं वाटतं.

आणि डायलॉग जवळपास सगळे सेंटरमधूनच येतात. "म्युझिक मोठं, बोलणं पुटपुटल्यासारखं" ही तक्रार असेल तर बघा, टॉवरवर चाळीस हजार आणि सेंटरवर सात हजार असा हिशोब झालाय का. सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका, कडेपर्यंत पुढे ओढा आणि कानाकडे थोडा वर वळवा. मागचे सराउंड वेगळ्या सीरिजचे असले तरी निभावतं. पैसे कमी पडले तर कात्री तिथे लावा.

वायर, लाल-काळं आणि अमेरिकेतून आलेलं खोकं

वायरवर हजारो रुपये घालायची गरज नाही. आपल्याकडे वायर चौरस मिलिमीटरवर मिळते. शुद्ध तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर घरातल्या बहुतेक अंतरांना पुरते. दहा मीटर लांब गेली तरी जाऊन-येऊन तिचा विरोध पाव ओहमच्या आसपास, ८ ओहमच्या स्पीकरपुढे किरकोळ. ४ ओहमचे स्पीकर किंवा जास्त लांब अंतर असेल तर अडीचची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा विरोध जास्त. खोक्यावर "सीसीए" लिहिलं असेल तर ती हीच.

लाल लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरला उलटं लागलं तर काही जळत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि बास गायब होतो. जोडणी करताना रिसीव्हर बंद ठेवा आणि वायरचे सुटे केस एकमेकांना चिकटू देऊ नका. शॉर्ट झालं तर ओहम जवळपास शून्य, आणि शून्य ओहमचं काय होतं ते आता तुम्हीच सांगाल.

एक खास सूचना, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत कुणी ना कुणी अमेरिकेत असतं. "दादा डिसेंबरमध्ये येतोय, तिकडे रिसीव्हर स्वस्त आहे" असा प्लॅन असेल तर आधी मागचा फोटो मागवा. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. व्होल्टेज बदलायची सोय नसलेला १२० चा रिसीव्हर इथे थेट लावला की खेळ खल्लास. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही रिसीव्हरच्या मागे छापलेल्या वॅटपेक्षा बराच मोठा, ५०० ला १००० व्हीएसारखा. तो ट्रान्सफॉर्मर आणि इथे बहुधा न मिळणारी वॉरंटी हिशोबात धरा, मग स्वस्त किती ते बघा. साध्या पॅसिव्ह स्पीकरला ही अडचण नाही, ते भिंतीला जोडलेच जात नाहीत. अॅक्टिव्ह सबवूफरला मात्र हेच सगळं लागू.

दुकानात जायच्या आधी

फोनच्या नोट्समध्ये एवढं लिहून ठेवा:

१. सोफा ते टीव्ही अंतर, मीटरमध्ये. टेपने मोजून.
२. आवडलेल्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, आणि ती १ वॅटवर आहे की २.८३ व्होल्टवर.
३. त्याच स्पीकरचे नॉमिनल आणि मिनिमम ओहम.
४. रिसीव्हरचा ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनलवरचा वॅट. बाकीचे आकडे लिहूच नका.
५. रिसीव्हर किती ओहमपर्यंतचे स्पीकर चालवतो, आणि प्री-आउट आहे का.

क्रमही हाच ठेवा: आधी खोली, मग स्पीकर, शेवटी रिसीव्हर. पैसेही स्पीकरवर जास्त घाला. रिसीव्हर काही वर्षांत जुना होतो, एचडीएमआयची नवी आवृत्ती येते, नवे फॉरमॅट येतात. चांगला स्पीकर नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं सहज जातो. नोकरी बदलेल, घर बदलेल, स्पीकर तुमच्यासोबत येतील.

आणि सेल्समनने "सर, यात १५० वॅट आहेत" म्हटलं तर शांतपणे विचारा, "किती ओहमला, किती चॅनल चालू असताना, किती डिस्टॉर्शनवर?" तो मॅन्युअल उघडायला गेला तर दुकान चांगलं आहे.

तुमच्या हॉलचं अंतर, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी आणि ओहम हे तीन आकडे व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही जोड्या घेऊन हाच हिशोब एकत्र करू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि शेजाऱ्यांना सांभाळून!